सही जुळवणाऱ्या मॅडमच्या प्रेमकथा

चष्मा कपाळावर सरकवायचा, कागद डोळ्यांच्या अगदी जवळ न्यायचा, मग हात लांब करून तोच कागद दुरून पाहायचा आणि शांतपणे म्हणायचं, "हे जुळून नाही राह्यलं."

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात ज्यांचं मॅडमच्या बँकेत खातं होतं, त्या प्रत्येकानं हे वाक्य कधी ना कधी ऐकलं असणार. मॅडम चेकवरच्या सह्या तपासायच्या. जवळच्या भरवेलीच्या मँगनीज खाणीतून निवृत्त झालेले म्हातारे थरथरत्या हातानं दुसऱ्यांदा सही करत, तिसऱ्यांदा करत. मॅडम समोर बसून पाहत राहायच्या. तरी नाही जुळली तर विचारायच्या, "बायकोचं माहेर कोणतं? मागच्या वेळी कोणाले घेऊन आलते?" उत्तर पटलं की काही न बोलता शिक्का मारायच्या. जुळलं, असं त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. शिक्का पडला की समजून घ्यायचं.

माझं दुकान बस स्टँडजवळ आहे. लग्नपत्रिका, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म. आमच्याकडे जवळपास सगळं काम हिंदीत. एका सुट्टीच्या दुपारी मॅडम दुकानात आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "मराठी टाइप करता?"

"हौ, करतो."

"ळ कुठं असते दाखवा."

मी दाखवला. हिंदीच्या जुन्या फॉन्टमध्ये ळ शोधायला दोन-तीन बटणं एकदम दाबावी लागतात. त्यांनी वाकून माझी बोटं पाहिली. मग अटी सांगितल्या. कॉम्प्युटरचं तोंड रस्त्याकडे नको. कागद दर वेळी त्या आणणार, दर वेळी परत नेणार. टाइप झालेलं माझ्या मशीनमध्ये राहता कामा नये. आणि त्या स्वतः माझ्या मागे बसणार.

तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हालाही तेच वाटलं असतं. मला वाटलं, बँकेत कोणीतरी घोटाळा केलाय आणि मॅडम वरती तक्रार पाठवताहेत. नाहीतर कोर्टाची भानगड असणार. एकट्या राहणाऱ्या बाई, वडील तहसीलमध्ये होते, वडिलोपार्जित घर, एक भाऊ लांब. मृत्युपत्र असेल, भाऊ-बहिणीचा वाद असेल. मी मनाची तयारी केली आणि पहिला कागद पुढे ओढला.

भरवेलीच्या रस्त्यावर एका मुलीच्या सायकलची चेन उतरली होती. मागून एक मुलगा मोटरसायकलवर येत होता.

मी अर्धं पान टाइप केलं. मुलानं चेन बसवली. मुलीनं त्याच्या काळ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं आणि स्वतःचा रुमाल दिला. माझे कान गरम झाले. मी मागे न वळता विचारलं, "मॅडम, ही गोष्ट हाय का?"

"तुम्ही टाइप करा. वाचू नका."

न वाचता टाइप कसं करतात, हे मला अजून कोणी शिकवलेलं नाही. पण मी हौ म्हणालो.

*

मॅडमना कोणाचाच भरवसा नव्हता. दूधवाल्याच्या दुधात बोट बुडवून त्या ते नखावर धरायच्या. मी चहा मागवला की कपाचा आधी वास घ्यायच्या. टपरीवाला रागवायचा. "मी काय जहर देऊन राह्यलो का मॅडमले?" असं मला बाजूला घेऊन विचारायचा. मी म्हणायचो, त्यांच्या घरीही त्या असंच करत असतील.

गल्लीचाही त्यांच्यावर भरवसा नव्हता. लग्न न केलेली, बँकेत नोकरी, आणि आता सुट्टीच्या दिवशी टायपिंगच्या दुकानात तास न तास बसते, म्हणजे काहीतरी आहे. दोघातिघांनी मला आडून विचारलं. मी म्हणालो, बँकेचं काम आहे. यावर त्यांचा संशय अधिकच वाढला. बँकेत काय कॉम्प्युटर नाहीत?

गोष्टीतली पोरंही मॅडमच्या संशयातून सुटत नव्हती. पान टाइप होत असताना त्या मागून म्हणायच्या, "थांबा. हा पोरगा म्हणते की आईले दवाखान्यात नेलं होतं म्हणून उशीर झाला. खरं बोलून राह्यला का?"

"तुम्हीच लिहिलंय मॅडम."

"मी लिहिलं म्हणून काय झालं? मले जुळून नाही राह्यलं."

मग ते पान रद्द. त्या घरी जाऊन पुन्हा लिहायच्या. पुढच्या खेपेला त्या पोराची आई खरोखरच दवाखान्यात असायची, वॉर्डातल्या पलंगाच्या रंगासकट.

एकदा हिंमत करून मी विचारलं, "मॅडम, हेच काहून लिहिता? पोरापोरींचं?"

त्यांनी टेबलावरच्या कागदांच्या कडा सारख्या केल्या. मला वाटलं आता कागद गोळा करून निघतील. मग म्हणाल्या, "दिवसभर खोटी सही शोधते. घरी गेल्यावर एखादी खरी पाहावी वाटते."

त्यांच्या आयुष्यात कधी कोणी होतं का, हे मला माहीत नाही. तुम्हाला हवं असेल तर अंदाज करा, मीही केला. पण त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

*

पहिली कादंबरी पुण्याच्या एका प्रकाशकानं घेतली. मॅडमनी असं टोपणनाव घेतलं होतं की लिहिणारा पोरगा आहे की पोरगी, हेही कळू नये. पत्ता माझ्या दुकानाचा. पुस्तकं दुकानावर आली त्या दिवशी मॅडमनी एक प्रत उचलली, मधलंच पान उघडलं, चष्मा वर सरकवला आणि पुस्तक मिटून निघून गेल्या. 

मी पान काढून पाहिलं. त्यांची नायिका मुलाला म्हणाली होती, "मले तू आवडते." छापलं होतं, "मला तू आवडतोस."

सगळ्या पुस्तकभर तसंच. भरवेलीची पोरगी पुण्याच्या पोरीसारखी बोलत होती.

नंतर बरेच आठवडे मॅडम आल्या नाहीत. बँकेत गेलो तर काचेपलीकडून माझ्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. माझा चेक मात्र जरा जास्तच वेळ तपासला. मला समजलं की त्यांचा संशय माझ्यावर आहे. टायपिंग मी केलं होतं, शहाणपण मीच दाखवलं असणार.

मग एका रविवारी त्या छापील पुस्तक आणि माझ्या दुकानातली प्रिंट, दोन्ही घेऊन आल्या. प्रत्येक ओळ समोरासमोर ठेवून पाहिलेली होती, जशा त्या सह्या पाहत. टेबलावर दोन्ही ठेवून म्हणाल्या, "चूक पुण्याची हाय." बस. माफी वगैरे काही नाही. पण त्या दिवशी त्यांनी पिशवीतून घरचे चकोल्यांचे दोन डबे काढले. एक माझ्यासाठी होता. माझ्यासमोर बसून जेवल्या आणि माझं तोंड पाहून वरून विचारलं, "तुमच्या घरी मीठ कमी खातात का?"

पुढच्या छपाईत मले, तुले, काहून सगळं परत आलं. त्यासाठी त्यांनी प्रकाशकाशी फोनवर काय बोलणं केलं ते मी दुकानात बसून ऐकलं. आवाज चढला नाही. फक्त दर दोन वाक्यांनी "हे जुळून नाही राह्यलं" येत होतं. पुण्याचा माणूस शेवटी थकला असावा.

पुस्तक चाललं. नागपूर, गोंदिया, भंडाऱ्याच्या मुलींनी वाचलं. आमच्याकडच्या मुलींना मराठी वाचायची सवय नाही, घरात मराठी बोलतात आणि शाळेत हिंदी शिकतात, तरी काही मुली अडखळत वाचायच्या. वारासिवनीची एक कॉलेजची पोरगी बसमधून उतरून थेट दुकानात आली आणि विचारू लागली, "भैया, दूसरा पार्ट कधी येते?" मॅडम तेव्हा माझ्या मागेच बसल्या होत्या. त्यांनी तोंडासमोर लग्नपत्रिकांचा नमुना धरला. मुलगी गेल्यावर म्हणाल्या, "कोणी पाठवली असेल हिले?"

*

दुसऱ्या वेळी प्रकाशकाला चित्रकथा हवी होती. तीच गोष्ट, पण चित्रांत. चित्रकार नागपूरचा एक तरुण होता. त्यानं पहिली पानं पाठवली आणि मॅडमचा चष्मा कपाळावर गेला. भरवेलीची खाण सिनेमातल्या गुहेसारखी काढली होती. मुलीच्या सायकलला गियर होते. कॉलनीतले क्वार्टर बंगल्यासारखे दिसत होते.

"यानं भरवेली पाह्यलीच नाही," मॅडम म्हणाल्या.

मग त्या स्वतः स्कूटी घेऊन निघाल्या आणि मोबाइलवर फोटो काढून आणले. रस्ता, झाडं, क्वार्टरांच्या भिंती, सायकलींचं स्टँड, शाळा-कॉलेजातून परतणाऱ्या मुली. माझ्याच कॉम्प्युटरवरून ते पाठवले, पण स्क्रीनसमोर ओढणी धरून. मी म्हणालो, "मॅडम, मी पाहिले तर काय बिघडेल?"

"बिघडलं तर कोण पाहील?" त्या म्हणाल्या.

पुस्तक सुंदर निघालं. या वेळी सगळं बरोबर होतं. खाणीची काळी धूळ रस्त्याकडेच्या पानांवर होती, सायकलच्या कॅरिअरला बांधलेली रबराची पट्टीसुद्धा होती. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत माझ्या दुकानाचं नाव छापलं होतं, अक्षरजुळणी म्हणून. मला आनंद झाला. मी ते पान बायकोला दाखवलं.

त्याच पानामुळे एक माणूस दुकानात येऊन उभा राहिला.

*

चाळिशीपुढचा असेल, भरवेलीच्या खाणीत कामाला. हातात ती चित्रकथा होती, गुंडाळून मुठीत धरलेली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत तो बसून राहिला. मग पुस्तक माझ्यासमोर उघडून म्हणाला, "हे पोट्टं कोण हाय?"

"कोणतं?"

"ज्यानं हे लिहिलं. त्याचा पत्ता पाहिजे."

मी पत्ता माहीत नसल्याचं सांगितलं. तो उठला नाही. हळूहळू त्याच्याकडून सगळं बाहेर आलं. गोंदियाला साळ्याच्या घरी लग्न होतं. तिथल्या पोरींकडे हे पुस्तक होतं. एकीनं पान उघडून सगळ्यांसमोर विचारलं, "ही तर आपली रोशनी ना?" रोशनी म्हणजे त्याची मुलगी. मग पुस्तक या हातातून त्या हातात फिरलं. मराठी सगळ्यांनाच वाचता येत होतं असं नाही, पण चित्र कोणालाही वाचता येतं. सायकल तीच, क्वार्टरची भिंत तीच, चेहरा तोच. आणि पुस्तकातली पोरगी वैनगंगेच्या पुलावर एका पोराला भेटायला जाते. मंडपातच कुजबुज सुरू झाली. मामीनं विचारलं, लिहिणारा पोरगा कोण, कुठला.

"पोरगी म्हणते मले काही माहीत नाही," तो म्हणाला. "मग तिचा चेहरा त्याच्यापाशी कसा गेला? मी तिचं कॉलेज बंद केलं. पेपर तोंडावर हायेत. घरी बसून राह्यली. तो पोट्टा भेटेपर्यंत मी तिले बाहेर नाही सोडत."

तो रागावलेला नव्हता. रागावलेला असता तर मला सोपं गेलं असतं. तो थकलेला होता.

संध्याकाळी मी बँकेसमोर थांबलो आणि मॅडम बाहेर आल्यावर सगळं सांगितलं. त्यांची पहिली प्रतिक्रिया तुम्ही ओळखली असेल.

"तो खरंच बाप हाय, कशावरून? गोंदियाचं लग्न, कोणाचं? त्याची ड्यूटी कोणती, विचारलं का?"

मी जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. त्यांनी पर्समधून स्वतःची प्रत काढली आणि तिथेच पायरीवर उभ्या राहून ते पान उघडलं. चष्मा वर सरकवला. पुस्तक जवळ नेलं, लांब नेलं. मी वाट पाहत राहिलो. पण ते वाक्य आलं नाही.

"मी सायकल पाहत होती," त्या हळूच म्हणाल्या. "भिंत पाहत होती, झाडं पाहत होती. चेहरा मी पाह्यलाच नाही."

मग त्यांनी विचारलं, "त्याचा क्वार्टर ठाऊक हाय तुम्हाले?"

*

आम्ही पोचलो तेव्हा अजून उजेड होता. त्या माणसानं मॅडमना पाहिलं आणि गडबडून खुर्ची पुसली. बँकेतल्या मॅडमना भरवेलीत सगळे ओळखत. त्याला वाटलं, मी त्यांना मध्यस्थीसाठी आणलंय. शेजारचे दोघं दारात येऊन उभे राहिले. आतून त्याची बायको आली. मागे, स्वयंपाकघराच्या दारात, रोशनी उभी होती.

मॅडमनी तिला जवळ बोलावलं. उजेडाकडे तोंड करायला सांगितलं. पुस्तकातलं पान तिच्या गालाशेजारी धरलं आणि पाहू लागल्या. कपाळ, भुवया, नाकाचा मधला उंचवटा, वेणी उजव्या खांद्यावरून पुढे घ्यायची पद्धत. 

रोशनीचा बाप म्हणाला, "मॅडम, तुम्ही आमच्या सह्या ओळखता. तुम्ही म्हणा की हे जुळत नाही. एवढंच म्हणा. मी मानतो. गोंदियालेही तेच सांगतो."

खरं सांगतो, मलाही तेच हवं होतं. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य तर त्यांच्या जिभेवरच असायचं. मॅडमचं नाव लपलेलं राहिलं असतं, मुलगी कॉलेजात गेली असती, शेजाऱ्यांनीही मान हलवली असती. त्या भागात मॅडमच्या शब्दावर कोणी वाद घालत नसे.

त्यांनी चष्मा खाली घेतला. म्हणाल्या, "जुळून राह्यलं."

बापाचं तोंड उतरलं. मॅडम थांबल्या नाहीत. "हा चेहरा हिचाच हाय. फोटो मी काढला, रस्त्यावरून, हिले न विचारता. चित्र काढणाऱ्याले मी पाठवला. पुस्तक मी लिहिलं. कोणी पोरगा नाही."

"तुम्ही?" बापानं विचारलं. शेजाऱ्यांपैकी एक हसला आणि लगेच गप्प झाला.

"हौ, मी."

"तुम्ही हिले वाचवाले म्हणून राह्यल्या."

आता संशय घ्यायची पाळी त्याची होती, आणि मॅडमना ते आवडलं असावं, कारण त्या खुर्चीत नीट बसल्या. "मग विचारा," त्या म्हणाल्या. "पुढचा भाग अजून छापला नाही. त्यात काय होते ते मलेच माहीत हाय. पुलावर पोरगी दुसऱ्यांदा जाते तेव्हा तो पोरगा येत नाही."

"काहून नाही येत?"

हे बापानं विचारलेलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दाराशी परत गेलेल्या रोशनीनं विचारलं होतं. आईनं तिच्याकडे पाहिलं. पुस्तक तिनं वाचलेलं आहे, हे आता सगळ्यांना कळलं.

मॅडम तिच्याकडे वळल्या. "कारण तो खोटं बोलत होता. त्याच्यावर माहा पहिल्यापासूनच भरवसा नव्हता."

"मग ती काय करते?"

"रडते. नदीकडे पाहत बसते."

रोशनीनं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "नाही बसणार. दुसऱ्या दिवशी पेपर असन तिचा. सायकल घेऊन घरी जाईन आणि अभ्यास करन. रडाचं ते रस्त्यानं रडन."

मी बापाकडे पाहिलं. तो पुस्तकाकडे पाहत होता, मुलीकडे नाही. मग बायकोला म्हणाला, "चहा ठेव."

चहा आला. मॅडमनी कप नाकाशी नेला, एक क्षण थांबल्या, आणि प्यायल्या.

*

एवढ्यानं सगळं मिटलं असं समजू नका. बोलणं गोंदियात सुरू झालं होतं, ते तिथेच बंद व्हायला हवं होतं. बापानं तसं सरळ सांगितलं. मॅडमनी रजा टाकली आणि बाप-लेकीबरोबर गोंदियाची गाडी धरली. मी गेलो नव्हतो. पुढचं मला रोशनीच्या बापाकडून कळलं. साळ्याच्या घरी सगळ्यांना बसवून मॅडमनी पुन्हा तेच सांगितलं, स्वतःचं नाव, बँकेचं नाव, फोटो कसा काढला ते. त्या मामीनं विचारलं, "या वयात असं लिहिता? शरम नाही वाटत?"

"फोटोची वाटते," मॅडम म्हणाल्या. "लिहिण्याची नाही."

रोशनीला पेपर देता आले. आधी काही दिवस बाप तिला मोटरसायकलवरून सोडायचा आणि बाहेर थांबायचा. मग एकदा मी तिला सायकलवर एकटी जाताना पाहिलं.

मॅडमना मात्र पुढे सोपं गेलं नाही. आता बालाघाटात सगळ्यांना माहीत झालं. काउंटरवर कॉलेजची पोरं मुद्दाम चुकीची सही करून विचारायची, "मॅडम, जोड़ी जमी क्या?" एक बाई व्यवस्थापकाकडे तक्रार घेऊन आली की ही आमच्या पोरींना बिघडवते. मॅडम खिडकीमागे बसून सह्या पाहत राहिल्या. गल्लीतल्या बायका मात्र मोकळ्या झाल्या. इतकी वर्षं ज्याचा संशय होता ते सापडलं, आणि ते त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा बरंच साधं होतं.

चित्रकथेची विक्री मॅडमनी थांबवली. प्रकाशक कुरकुरला, चांगलं चाललेलं पुस्तक. पण त्यांनी सांगितलं की चेहरा बदलल्याशिवाय एक प्रत जाणार नाही. नवीन चेहऱ्याचे नमुने आले त्या दिवशी मॅडमनी रोशनीला तिच्या आईसह दुकानात बोलावलं. या वेळी स्क्रीनसमोर ओढणी नव्हती. उलट स्क्रीन तिच्याकडे फिरवली.

रोशनीनं सगळे चेहरे पाहिले. "माह्यासारखी नको," ती म्हणाली, "पण नाक एवढं लहान नका करू. असं नाक आमच्याकडे कोणाचंच नाही."

आई हसली. मॅडमनी चित्रकाराला तसंच कळवलं.

त्यानंतर त्यांचा संशय कमी झाला असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. झालं असं की त्यांच्या यादीत आणखी एक नाव आलं, त्यांचं स्वतःचं. टाइप करता करता मला थांबवायच्या. "हे वाक्य कोणाचं हाय? मी कुठं ऐकलं?" मग आठवत बसायच्या. आठवलं की त्या माणसाकडे जाऊन विचारून यायच्या, किंवा पान काढून टाकायच्या. बैहरकडच्या एका मुलीवर अर्धी कादंबरी लिहून झाली होती. ती मुलगी त्यांना बँकेत भेटलेली, नंतर कुठे गेली कळलं नाही. मॅडम जीपनं दोनदा बैहरला जाऊन आल्या. सापडली नाही. ती कादंबरी त्यांनी मग छापली नाही. मी म्हणालो, "नाव बदलून टाका मॅडम, कोणाले समजते?"

"मले समजते ना," त्या म्हणाल्या.

*

निवृत्त झाल्यावर त्यांनी घर भाड्यानं दिलं आणि त्या नागपूरला मावसबहिणीकडे राहायला गेल्या. त्यांना सोडायला मी स्टेशनवर गेलो होतो. गाडीला वेळ होता. बाकावर आमच्या शेजारी एक मुलगा आणि एक मुलगी एकाच इयरफोनचं एकेक टोक कानात घालून बसले होते. मॅडम माझ्याशी बोलत होत्या, पण सरकत सरकत त्या दोघांकडे गेल्या होत्या. मुलाच्या ते लक्षात आलं. त्यानं आवाज बारीक केला, बॅग उचलून दोघांच्या नि मॅडमच्या मधे ठेवली आणि त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

मॅडम माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "चांगला हाय पोरगा. पाहा कसा सावध हाय."

त्या मला शेवटच्या दिसल्या त्या तिथेच. नागपूरहून त्यांची एक शेवटची कादंबरी आली, तिथल्याच कुणाकडून टाइप करवलेली. तिच्यात मले, तुले जिथल्या तिथे होते. पुढच्या हिवाळ्यात मावसबहिणीचा फोन आला. मॅडम झोपेतच गेल्या, असं त्या म्हणाल्या. त्रास झाला नाही.

मागच्या महिन्यात एक मुलगी दुकानात आली. सोळा-सतरा वर्षांची, गळ्यात कोचिंगची बॅग. तिच्या हातात ती शेवटची कादंबरी होती. विचारू लागली, "हे लिहिणाऱ्या मॅडम बालाघाटच्याच ना? कुठं राहतात?"

"काहून पाहिजे?" मी विचारलं. माझा आवाज मलाच मॅडमसारखा वाटला.

"शेवट मले बिलकुल पटला नाही. त्या पोरानं एवढं सगळं खरं सांगितलं, तरी ती त्याले हौ म्हणत नाही. असं काहून? मले भांडाचं हाय त्यांच्यासंग."

मी सांगितलं की त्या आता नाहीत.

तिनं पुस्तक मिटलं. "मग मी कोणासंग भांडू?" तिनं विचारलं. उत्तराची वाट न पाहता ती बाहेर पडली. थोड्या वेळानं मी शटरजवळ गेलो तर ती अजून बाहेरच होती. सायकल कमरेला टेकवून, कपाळाला आठी घालून, शेवटचं पान पुन्हा वाचत उभी होती.